नवीन सायकल घेतलीय? मग पहिला खर्च पॅडवाल्या शॉर्ट्सवर करा

सायकल घरी आली की आपण लाईट, बेल, मोबाईल होल्डर सगळं घेतो आणि कपड्यांचं मात्र "ट्रॅक पँट आहे की घरात" एवढ्यावर भागवतो. १०-१२ किमीला चालून पण जातं ते. पण पुण्यातून खडकवासल्याला जाऊन यायचं म्हणजे ३० किमीच्या आसपास होतं, आणि माझी पहिली अशी राईड झाली तेव्हा पुढचे दोन दिवस मला खुर्चीत नीट बसवत नव्हतं. मला वाटलं सीट खराब आहे, पण चूक कपड्यांची होती.

म्हणून सांगते, बजेट कमी असेल तर बाकी सगळं राहू द्या, पॅडवाली शॉर्ट्स, म्हणजे बसायच्या जागी आतून गादीसारखं पॅड शिवलेली सायकलची घट्ट हाफ पँट, आधी घ्या. आणि तिच्या आत अंडरवेअर घालायची नाही! हे दुकानात कुणी सांगत नाही आणि विचारायला आपल्याला लाज वाटते, पण खरं कारण साधं आहे, पॅड थेट अंगाला लागायला हवं, मध्ये शिवण आली की ती घामाने ओली होऊन तासभर एकाच जागी घासत राहते आणि मांडीला पुरळ उठतं.

घेताना ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून बघू नका. हँडल धरल्यासारखं पुढे वाका. उभं असताना जरा विचित्रच वाटणार, पण वाकल्यावर पॅड बसायच्या दोन हाडांखाली बरोबर आलं पाहिजे आणि कंबरेचं इलॅस्टिक पोटाला रुतायला नको. सैल साईज घेऊ नका, सैल शॉर्ट्समध्ये पॅड सरकतं. जाड आणि मऊ पॅड म्हणजे चांगलं असंही नाही, फार मऊ असेल तर हाडं आत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो, मग मुंग्या येतात. बायकांनी लेडीज शॉर्ट्सच घ्या, पॅडचा आकार वेगळा असतो. टाईट कपड्यांत सोसायटीतून बाहेर पडायला अवघडल्यासारखं होत असेल तर वरून सैल हाफ पँट किंवा ट्रॅक पँट घाला, काही बिघडत नाही. फक्त फुल पँटचा उजवा पाय घोट्याशी रबरबँडने बांधा नाहीतर मोज्यात खोचा, चेन त्याच बाजूला असते.

वरती कॉटनचा टीशर्ट नको. तो घाम पितो आणि ओलाच राहतो, डिसेंबरच्या पहाटे घाट चढून घामाघूम झालात आणि तसेच खाली सुटलात की छातीत गारठा भरतो. जिमचा पॉलिएस्टर टीशर्ट असेल तर तोच घाला, जर्सी, म्हणजे सायकलिंगचा खास टीशर्ट, नंतर घेतली तरी चालेल. जर्सीचा खरा फायदा म्हणजे पाठीमागचे खिसे, केळी, चिक्की, फोन सगळं मावतं, आणि पाठीकडून लांब असल्यामुळे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही.

पावसाळ्यात स्कूटरवरचा जाड रेनकोट घालू नका, आत घामानेच भिजाल. पातळ, भडक रंगाचं विंडचीटर बरं, गाडीवाल्यांना लांबून दिसतं.

आणि शॉर्ट्स घरी आल्या आल्या धुवा, घामट पॅड तसंच परत घातलं की फोड येतात. उलटी करून साध्या साबणाने धुवायची, सॉफ्टनर नको, सावलीत वाळवायची. जुलैमध्ये पॅड वाळायला दोन दिवस पण लागतात, त्यामुळे रोज चालवणार असाल तर दोन जोड लागतीलच.