आधी खोली लिहा, राज्य नंतर

फँटसी सिनेमाची पटकथा लिहायला बसलेल्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं: "ताई, माझं जग पूर्ण तयार आहे, आता फक्त गोष्ट बसवायची आहे." ते ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. सहा वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका ऑफिसात मी हेच वाक्य बोलले होते, आणि ते बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

वनलाइन, तीन अंक, सीन कसा मांडायचा हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. ते शिकवणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते एकाच खड्ड्याबद्दल. त्यात माझी चार वर्षं गेली.

तेव्हा आम्ही मिरजेत होतो. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, एका वेळेला चार तास. मी बाहेरच्या बाकावर दोनशे पानी वही घेऊन बसायचे आणि एक जग रचायचे. सात बेटं, अकरा ऋतू, पाच राजघराणी. प्रत्येक घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ. एक लिपी केली होती, तिला जोडाक्षरंसुद्धा होती. चार वह्या भरल्या. मला वाटत होतं मी काम करतेय. खरं म्हणजे दाराआडच्या मशीनचा आवाज कानावर पडू नये म्हणून मी लिहीत होते.

त्यात गैर काहीच नव्हतं, हे आधी सांगते. तुम्हीही अशाच कुठल्या बाकावर बसून लिहीत असाल तर लिहा. त्या चार तासांत वही नसती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. पण त्या लिखाणाला पटकथा समजू नका. माझी चूक तिथेच झाली.

एकशे दहा पानांचा मसुदा घेऊन मी मुंबईला गेले. माझी नायिका दहा वर्षांची, गावातून पळून बेटांवर जाते. वाचणाऱ्या बाईंनी शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "ही मुलगी पळाली कुठून?"

"गावातून."

"गावात काय होत होतं तिला?"

मी मसुदा चाळला. गाव दीड पानात संपलं होतं. आई रागावते, शाळेत मुलं चिडवतात, की लगेच गुहेचं दार उघडतं. उरलेली एकशे साडेआठ पानं बेटांची. मला इतका राग आला की परतीच्या एसटीत मी त्या बाईंना मनातल्या मनात साताऱ्यापर्यंत उत्तरं देत होते. त्या बरोबर होत्या हे कळायला आणखी दीड वर्ष लागलं.

तर खड्डा असा आहे. पळून जाण्याच्या गोष्टीला दोन टोकं असतात, जिथून पळायचं ते आणि जिथे पोचायचं ते. नवीन लिहिणारा दुसऱ्या टोकाच्या प्रेमात पडतो, कारण ते मोकळं असतं, तिथे काहीही करता येतं. पहिलं टोक टोचतं, म्हणून तो ते उरकून टाकतो. प्रेक्षकाला मात्र दुसऱ्या टोकाची किंमत पहिल्यावरूनच कळते. आपल्या कहाण्या बघा ना. "आटपाट नगर होतं" म्हणायचं, आणि लगेच पुढे "तिथे एक गरीब ब्राह्मण होता." नगराचे बुरूज किती, राजवाडा केवढा, कुणी सांगत बसत नाही. घरात काय नाही ते आधी येतं. आजी सांगायची तेव्हा मला ती नुसती सुरुवात वाटायची. आता वाटतं, सगळी कारागिरी त्या दोन वाक्यांत आहे.

अजून नीट सांगते, कारण हे एकदा ऐकून कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं. गिएर्मो देल तोरोचा 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) बहुतेकांनी पाहिलेला असतो, आणि विचारलं तर तळहातांवर डोळे असलेला तो फिकट राक्षस आठवतो. मलाही तोच आठवायचा. मग मी तो सिनेमा वही घेऊन पाहिला. पानावर दोन रकाने केले, एकात घर आणि एकात भुयार. तुम्हीही करा. पहिल्यांदा कंटाळा येईल, तरी करा.

काळ १९४४ चा. स्पेनमधलं यादवी युद्ध संपून पाच वर्षं झालीत, तरी डोंगरात बंडखोर लढताहेत. ओफेलिया ही छोटी मुलगी आपल्या गरोदर आईबरोबर सावत्र बापाच्या, कॅप्टन विदालच्या लष्करी ठाण्यावर येते. तिथे तिला फॉन भेटतो, अर्धा माणूस अर्धा बोकड असा. तो म्हणतो, तू पाताळातली राजकन्या आहेस, परत यायचं तर तीन कामगिऱ्या कर. घराच्या रकान्यात मी लिहिलं: कोठाराला कुलूप, किल्ली कॅप्टनला स्वतःकडे हवी आहे, पण घर सांभाळणाऱ्या मर्सेडीजने दुसरी लपवलेली आहे. भुयाराच्या रकान्यात: पहिली कामगिरी, बेडकाच्या पोटातून किल्ली आणणे. पुन्हा घर: मर्सेडीजच्या एप्रनमध्ये भाजी चिरायची छोटी सुरी. भुयार: दुसरी कामगिरी, खंजीर आणणे. घर: लोकांना रेशन, आणि कॅप्टनच्या टेबलावर पाहुण्यांना मेजवानी. भुयार: अन्नाने भरलेलं टेबल, खायला बंदी, आणि टेबलाच्या टोकाला तो राक्षस. कॅप्टनही टेबलाच्या टोकालाच बसतो.

इथे माझा हात थांबला. भुयारात एकही वस्तू अशी नव्हती जी घरातून आली नव्हती. ती मुलगी घरातून पळून सुट्टीवर गेलेली नाही. घरात ज्याच्याकडे मान वर करून बघता येत नाही, त्याच्याकडे ती भुयारात बघतेय.

आणि सगळ्यात मोठी जोडी शेवटी येते. डॉक्टर कॅप्टनला सांगतो की काही न विचारता नुसती आज्ञा पाळणं तुमच्यासारख्यांनाच जमतं, आणि त्याबद्दल गोळी खातो. तिसऱ्या कामगिरीत फॉन ओफेलियाला सांगतो, बाळाचं रक्त हवं, आज्ञा पाळ. ती नाही म्हणते. डॉक्टरचं ते बोलणं तिने ऐकलेलं नाही. प्रेक्षकाने ऐकलेलं आहे. कल्पनेच्या राज्यातही तिला घरातल्याच प्रश्नाला सामोरं जावं लागतं. ते राज्य खरं होतं की नव्हतं यावर लोक तासन् तास वाद घालतात. लिहिणाऱ्याने त्या वादात पडू नये असं माझं मत आहे. किल्ली आणि सुरी बघावी.

मँड्रेकच्या, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या एका जादूच्या मुळाचा प्रसंग मात्र रकान्यात मावला नाही. ओफेलिया आईच्या पलंगाखाली दुधाच्या भांड्यात ते मूळ ठेवते, रोज रक्ताचे दोन थेंब टाकते, आणि आई बरी व्हायला लागते. कॅप्टनला ते सापडतं. आई स्वतः ते आगीत टाकते आणि मुलीला सांगते की जादू नसते. मूळ किंचाळतं, आणि त्याच क्षणी आईला कळा सुरू होतात. त्या बाळंतपणात ती जाते. मी हा सीन बाबांच्या आजारपणात पाहिला होता तेव्हा सिनेमा बंद करून टाकला होता. आता कळतं की मला जे लिहिता येत नव्हतं ते कुणीतरी लिहून ठेवलं होतं: आजारी माणसाच्या पलंगाखाली मूल काहीतरी लपवून ठेवतं, आणि त्यावर घर तोलून धरतं.

नातेवाईक याला पलायनवाद म्हणतील. मलाही म्हणाले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनने १९३९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं होतं. त्याचा पुढे निबंध झाला, त्यात त्याने म्हटलंय की कैद्याने तुरुंगातून सुटायची धडपड करणं आणि सैनिकाने मोर्चा सोडून पळणं या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. वर्षभर मी हे ढालीसारखं वापरलं. कुणी काही बोललं की टोल्किन पुढे करायचा. पण कैद्याला आपल्या कोठडीची वीट न् वीट पाठ असते, हे मी सोयीने विसरले होते. माझ्या पटकथेत कोठडीच नव्हती.

आता ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते ती सांगते. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं ठेवली की सतत थरथर लागते. ती चालू आहे ना, हे रोज हात लावून बघायचं असतं. माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने एकदा बाबांच्या हाताला हात लावला आणि दचकून मागे सरला. बाबा म्हणाले, "घाबरू नको. भुंगा बसलाय आत. रात्रभर जागतो, म्हणून मला झोप लागते."

त्यानंतर भाचा आला की भुंग्याची गोष्ट पुढे सरकायची. बाबांना पाणी मोजून होतं, दिवसभराची एक बाटली, घोट घोट करून पुरवायची. गोष्टीतला भुंगा मात्र कृष्णा नदी एका दमात प्यायचा आणि वर आणखी मागायचा. भाचा हसायचा, बाबा हसायचे. आणि मी त्याच खोलीत, खिडकीपाशी, तिसऱ्या घराण्याची वंशावळ पूर्ण करत होते. मला ती गोष्ट ऐकू येत होती. ती मला लहान वाटत होती.

टार्सेम सिंगचा 'द फॉल' (२००६) मी नंतर पाहिला आणि रात्रभर झोपले नाही. शंभरेक वर्षांपूर्वीचं लॉस एंजेलिसचं हॉस्पिटल. पाय निकामी झालेला एक स्टंटमन, आणि संत्र्याच्या बागेत पडून हात मोडलेली एक छोटी मुलगी. तो तिला एक भव्य गोष्ट सांगतो. जोधपूरची निळी घरं, आभानेरीची चाँद बावडी, वीसहून जास्त देशांतली दृश्यं त्या गोष्टीत येतात. तुमचं लक्ष त्या दृश्यांवर जाईल, माझंही गेलं. पण तो गोष्ट कशासाठी सांगतोय? तिने औषधांच्या खोलीतून मॉर्फीन चोरून आणावं म्हणून. त्याला मरायचं आहे. तो चिठ्ठीवर नाव लिहून देतो, शेवटचं इंग्रजी अक्षर तिला तीनचा आकडा वाटतं, आणि ती बाटलीतल्या तीनच गोळ्या आणून देते. सगळं जादूचं राज्य त्या तीन गोळ्यांवर उभं आहे.

त्यातलं आणखी एक तुमच्या कामाचं. तो 'इंडियन' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमेरिकेतला आदिवासी असतो. तिच्या डोळ्यांपुढे मात्र बागेत काम करणारा भारतीय माणूस येतो, आणि पडद्यावर आपल्याला तिचं चित्र दिसतं. गोष्ट सांगणाऱ्याची असते, चित्रं ऐकणाऱ्याची. सिनेमात कुणी कुणाला गोष्ट सांगत असेल तर हे दोघं वेगळे ठेवा. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याकडून काहीतरी हवं असू द्या. बाबांना काय हवं होतं? पोराने हात लावायला घाबरू नये, एवढंच.

आता काही गोष्टी भराभर, कारण फोनवर विचारल्या जातात. शेवटी "ते सगळं स्वप्न होतं" असं करू नका. 'द विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) मध्ये केलंय असं मला लगेच सांगितलं जातं. मूळ पुस्तकात ऑझचा प्रदेश खरा आहे, सिनेमावाल्यांनी त्याचं स्वप्न केलं, आणि तो निर्णय मला आजही पटत नाही. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर हे घ्या: शेतावरचे तीन गडी आणि बुजगावणं, पत्र्याचा माणूस, सिंह ही कामं त्याच तीन नटांनी केली आहेत. पुन्हा तेच, घरातून भुयारात.

जगाची चित्रं आधी बनवू नका, हातानेही नाही आणि कॉम्प्युटरवरही नाही. महिन्याभरात तुम्ही चित्राला शोभेल अशी गोष्ट लिहायला लागता. पहिल्याच दिवशी फळ्यावर नायकाच्या प्रवासाचे बारा टप्पे काढणाऱ्या वर्कशॉपना पैसे देऊ नका. मी दिले होते. तिथे तीन दिवसांत मला कुणी विचारलं नाही की तुझ्या घरी काय चाललंय. मसुदा कुणाला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. नोकरी सोडू नका.

गुरू शोधत फिरण्यापेक्षा फँटसी न आवडणारा एक वाचक मिळवा. माझी मावशी शाळेत गणित शिकवायची. तिला परीकथा आवडत नाहीत. ती मसुदा वाचते आणि विचारते, "मग हिला भूक कधी लागली? दिवा कुणी लावला? आईला कळलं नाही का?" तिच्या प्रश्नांनी माझी खोली उभी राहिली. त्या खोलीत आता पाण्याची बाटली आहे, तिच्यावर मार्करने मारलेल्या रेघा आहेत, आणि शेवटची रेघ कुणी ओलांडली हे घरात कुणी विचारायचं नाही असा न बोललेला नियम आहे. बेटं गेली. पाच घराणी गेली. चार वह्यांतून एक समुद्र तेवढा उरला, गोड्या पाण्याचा. तो मी का रचला होता, हे मला आत्ता कळलं. म्हणून म्हणते, वह्या जाळू नका. त्यातलं काय तुमच्या खोलीतून आलंय ते शोधा. सापडेल. वेळ लागेल, पण सापडेल.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. भुंग्याच्या पटकथेचा तिसरा मसुदा चालू आहे, आणि ८१ व्या पानावर मी कितीतरी महिने अडकले आहे. तिथे मुलीला कळायचं आहे की भुंगा थांबला. मी तिथे कधी वादळ लिहिलं, कधी भुंग्यांचा थवा. सगळं काढून टाकलं. मावशीने ते कोरं पान बघितलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

काल तिथे एक ओळ लिहिली. मुलगी आजोबांच्या हातावर कान ठेवते.