पोर्टफोलिओ स्वतः कोड करताना: डिझायनरसाठी वाट

पोर्टफोलिओ स्वतः कोड करायचं ठरलं की बरेच डिझायनर आधी जावास्क्रिप्टचा कोर्स शोधतात. त्याची गरज नाही. चार-पाच प्रोजेक्ट दाखवणाऱ्या साइटला एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना) आणि सीएसएस (त्याचं रूप) पुरतं.

१. फोल्डर. व्हीएस कोडसारखा फुकट एडिटर घ्या. एका फोल्डरमध्ये ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ ही फाइल करा. सर्व्हर सहसा आधी हीच फाइल शोधतो, म्हणून नाव बदलू नका. सगळ्या फाइलींची नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहा. बऱ्याच सर्व्हरना कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक कळतो. तुमच्या मशीनला तो कळत नसेल, तर तिथे नीट दिसणारा फोटो साइटवर गायब होतो.

२. आधी फक्त मजकूर. रंग, फॉन्ट काही नको. हेडर, मेन, फूटर असे भाग पाडा. तुमच्या नावाला एच१ म्हणजे मुख्य शीर्षकाचा टॅग, प्रत्येक प्रोजेक्टच्या नावाला एच२ म्हणजे उपशीर्षकाचा. टॅग अर्थ बघून निवडायचा, अक्षराचा आकार बघून नाही. आकार सीएसएस सांभाळतं, पण स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे अनेक जण शीर्षकांवरूनच पानात फिरतात. प्रत्येक चित्राच्या ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहा. आणि हेडमधली (फाइलीच्या वरच्या, पानावर न दिसणाऱ्या भागातली) व्ह्यूपोर्टची मेटा ओळ विसरू नका. ती नसेल तर फोन पान डेस्कटॉपच्या रुंदीचं समजून आक्रसून दाखवतो.

आता पान ब्राउझरमध्ये उघडा आणि खिडकी अरुंद करत न्या. रूप अगदी रुक्ष, पण मजकूर मुकाट्याने दुमडत जातो. म्हणजे सीएसएस नसलेलं पान मुळात रिस्पॉन्सिव्हच, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे जुळवून घेणारं असतं. पिक्सेलमध्ये रुंदी ठोकून ते मोडतो आपण.

३. सीएसएस. इथेच डिझायनर अडखळतात, कारण डोक्यात १४४० पिक्सेलचा आर्टबोर्ड पक्का बसलेला असतो. वेबला तशी चौकट नाही. ‘विड्थ’ लिहायला हात गेला की ‘मॅक्स-विड्थ’ चालेल का, हे आधी बघा. बहुतेकदा चालतं.

पहिला नियम ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लिहा, तोही सगळ्या घटकांसाठी. एरवी ३०० पिक्सेलच्या कार्डाला दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिलं की कार्ड ३४० चं होतं आणि मांडणी का फिसकटली ते कळत नाही.

प्रोजेक्टच्या कार्डांसाठी ग्रिड, म्हणजे सीएसएसची ओळी-रकान्यांची मांडणी, वापरा. २०१७ पासून प्रमुख ब्राउझर ते समजतात. ‘रिपीट’मध्ये ‘ऑटो-फिट’ आणि ‘मिनमॅक्स’ वापरून किमान २८० पिक्सेल, कमाल १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) असं सांगितलं, की किती रकाने मावतात ते ब्राउझर स्वतः ठरवतो. एकही मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीसाठी वेगळा नियम) लागत नाही. फ्लेक्सबॉक्स ही सीएसएसची दुसरी मांडणी मेनूसारख्या एका ओळीच्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

रंग आणि अंतरं सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या किमतींत, ठेवा. फिग्मातले टोकन वापरत असाल तर हे ओळखीचंच आहे. देवनागरी मजकूर असेल तर लाइन-हाइट १.७ च्या आसपास द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. फिकट राखाडीचा मोहही आवरा. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराला ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर हॅश ७६७६७६ जेमतेम पास होतो, हॅश ९९९९९९ नापास.

४. चित्रं. मूळ पीएनजी तशीच चढवू नका. वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करा आणि दिसतील त्याच्या दुप्पट रुंदीपर्यंतच ठेवा. टॅगमध्ये विड्थ आणि हाइट लिहिली तर ब्राउझर जागा आधीच राखतो, वाचता वाचता मजकूर उडी मारत नाही. लेझी लोडिंग (चित्र जवळ आल्यावरच उतरवणं) फक्त खालच्या चित्रांना लावा, पहिल्या स्क्रीनवरच्या मोठ्या चित्राला नाही.

५. साइट लाइव्ह. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पब्लिक रिपॉझिटरी (सगळ्यांना दिसणारा प्रोजेक्टचा फोल्डर) करून फाइली चढवा, सेटिंग्जमध्ये पेजेस ही साइट दाखवणारी सोय सुरू करा. पैसे लागत नाहीत.

मग माऊस बाजूला ठेवून नुसतं टॅब बटण दाबत पान फिरा. प्रत्येक लिंकवर पोहोचता यायला हवं, आणि कुठे पोहोचलो ते दिसायला हवं. लिंकभोवतीची ती रेघ डोळ्यांना खुपली तर तिचा रंग-जाडी बदला; ‘आउटलाइन: नन’ लिहून पुसून टाकू नका.