'याच्यासारखीच द्या' म्हणायच्या आधी हे वाचा

आमच्या गावचा बाजार बुधवारचा, अन् त्या दिवशी मेडिकलवर चिठ्ठी आणणारे कमी, रिकामा पत्ता आणणारे जास्त. "भाऊ, याच्यासारखीच चार द्या." कोणाले पाहिजे विचारलं की "घरी लागते जी". मागच्या बाजारी एक पोट्टा असाच डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीचा पत्ता घेऊन आला, म्हणे आबाजीचा आहे पण आज ताईची कंबर दुखून राहिली. ताई म्हणजे बाळंतपणाले माहेरी आलेली, सातवा महिना. मी गोळी दिली नाही, पोट्टा फुगून गेला, मग त्याची माय आली भांडायला. तिला जे सांगितलं ते इथं जरा निवांत लिहून राहिलो, बाजाराच्या गर्दीत एवढं बोलता येत नाही.

आधी गोळीचं गणित समजून घ्या. गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते, अंगभर पसरते, मग लिव्हर तिला तोडते अन् किडनी लघवीतून बाहेर टाकते. गच्चीवरची टाकी समजा, वरून पाणी येऊन राहिलं अन् खालच्या तोटीतून जाऊन राहिलं. डोस ठरतो तो धडधाकट मोठ्या माणसाच्या टाकीवर, की आत येणारं अन् बाहेर जाणारं बरोबर राहिलं पाहिजे. नवजात लेकराची तोटी अजून पुरती बसलेलीच नसते, म्हाताऱ्याची गंजून बारीक झालेली असते, अन् गरोदर बाईची टाकी मोठी होते अन् तोटीही सैल. म्हणून एकाच घरातल्या तिघांना एकच पत्ता चालत नाही.

लेकरापासून सुरू करतो. नवजात बाळाचं लिव्हर काही औषधं तोडायला तयारच नसते. १९५९ साली हे जगाला फार वाईट रीतीने कळलं, क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली नवजात बाळं राखाडी पडून दगावली, औषध तेच पण त्यांना ते तोडता येईना म्हणून रक्तात साचत गेलं. किडनीही वर्षभराचं होता होता कुठं मोठ्यांच्या बरोबरीला येते. अन् गंमत अशी की दोन-चार वर्षांचं लेकरू काही औषधं वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा लवकर संपवते. म्हणजे "मोठ्याची एक तर पोराची अर्धी" हा हिशोब दोन्हीकडून चुकतो, कधी जास्त होते तर कधी पुरतच नाही.

म्हणून लेकराचं औषध वजनावर. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, तो आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. तापाचं पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारच्या वर नाही. १० किलोचं लेकरू असलं तर १०० ते १५० मिलिग्रॅम. आता खरी मेख इथं आहे. थेंबाची बाटली, साधं सिरप अन् डीएस म्हणजे दुप्पट जोराचं सिरप, तिन्हीवर पॅरासिटामॉलच लिहिलेलं, पण थेंबात बहुतेक १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असते, साध्या सिरपमध्ये ५ एमएलमध्ये १२०-१२५ अन् डीएसमध्ये ५ एमएलमध्ये २५०. एक बाई माझ्यासमोर सांगत होती, सिरप संपलं म्हणून थेंबाच्याच बाटलीतून "तेवढंच चमचाभर" दिलं. चमचाभर म्हणजे ५ एमएल, म्हणजे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी आठ महिन्यांच्या पोराला! एकदाच दिलं होतं, तरी लगेच दवाखान्यात पाठवलं. तेव्हा बाटली बदलली की मापही बदलते, लेबलवरचा आकडा वाचा, वाचता येत नसेल तर दुकानात वाचून घ्या, लाज नाही त्याच्यात. अन् घरचा चमचा नको, प्रत्येकाच्या घरचा वेगळा, बाटलीसोबतचं झाकण नाहीतर बिनसुईची सिरिंज वापरा. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर हे सगळं गणित बाजूला ठेवा अन् सरळ डॉक्टर.

खोकल्याच्या सिरपचं तर विचारूच नका. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडे खोकल्याचं सिरप पिऊन लेकरं दगावली, ते आपल्या नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरवर, कितीतरी लेकरं नागपूरच्याच दवाखान्यांत आणली होती, किडन्या बंद पडल्या होत्या. तिथं सिरपमध्येच डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, तो भेसळीचा विषय, पण त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं औषध नाहीच अन् पाचच्या आतही साधारणपणे नाही. निमेसुलाइड २०११ पासून बारा वर्षांखाली बंद आहे, ॲस्पिरिनही लेकराच्या तापाला नाही. अन् कापूर, बाम छातीवर-नाकावर चोळणं बंद करा मायबाई, लेकराची कातडी पातळ असते, भराभर आत जाते, कापराने झटके येऊ शकतात.

आता गरोदर बाई, इथं लोकांचा सगळ्यात जास्त घोळ. दोन टोकं आहेत. एक म्हणते सगळी औषधं बंद, बाळाला नको, दुसरी म्हणते काही नाही होत, आमच्या वेळी आम्ही सगळं खाल्लं. दोन्ही चूक.

पोटुशी असताना रक्तातलं पाणी ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, किडनीही जवळपास दीडपट जोराने गाळते, लिव्हर काही औषधं जास्त वेगाने तोडते. म्हणून काही गोळ्या कमी पडतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बऱ्याच बायांना डोस पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो, फिट्सची लॅमोट्रिजिन नावाची गोळी तर रक्तात इतकी उतरते की पूर्वीच्याच डोसवर झटका येऊ शकतो. तेव्हा दिवस राहिले कळल्याबरोबर डॉक्टरला सांगून तपासण्या करा, मनाने बंद करू नका. फिट्सची व्हॅल्प्रोएट असेल तर तिने बाळाच्या पाठीच्या कण्याला धोका असतो, ते बोलणं लग्न ठरल्यापासूनच करून ठेवावं, पण तीही आपल्या मनाने एकदम सोडायची नाही. बीपीच्या टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल बाळाच्या किडनीला बाधतात, त्याच्या जागी डॉक्टर लॅबेटालॉल, मिथाइलडोपा असं देतात.

अन् सगळंच लवकर बाहेर जाते असंही नाही. चहातलं कॅफिन एरवी पाचेक तासांत निम्मं होते, शेवटच्या महिन्यांत त्यालाच पंधरा तास लागू शकतात. म्हणून दिवसाला सहा कप पिणाऱ्या मायबाईला रात्री झोप येत नाही, मग ती झोपेची गोळी मागायला माझ्याकडे येते!

शेजारच्या वहिनीचं सांगतो. थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची, तिन्ही गोळ्या सकाळी चहासोबत एकदम. "एकदाच उरकून टाकते भाऊ, मग वावरात जायचं असते." अन् थायरॉइडचा रिपोर्ट काही केल्या सुधरेना. सुधरेल कसा, लोह अन् कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात अन् चहा लोहाला. तिला डबीवर असं लिहून दिलं: थायरॉइड सकाळी सहाला अनाशेपोटी साध्या पाण्याने, अर्धा-पाऊण तास चहा नाही. कॅल्शियम साडेदहाच्या जेवणानंतर. लोहाची लाल गोळी तीन-साडेतीनला लिंबूपाण्यासोबत. दुसरी कॅल्शियम रात्री जेवून. म्हणजे थायरॉइड अन् बाकीच्यांत चार तास, लोह अन् कॅल्शियमच्या मध्ये निदान दोन तास. थायरॉइड नसेल तर सकाळची कटकटच नाही. ती लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह अन् ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस अन् बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, आशाताई फुकट देते. शाळेतल्या पोट्ट्यांची निळी अन् लहान्यांची गुलाबी ती वेगळी, घरात अदलाबदल करू नका.

ताईच्या कंबरेचं राहिलंच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी वीस आठवड्यांनंतर बाळाची लघवी कमी होऊ शकते, अन् पोटातलं पाणी म्हणजे बरंचसं बाळाची लघवीच, तेच आटते. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक नळी जन्माआधीच बंद पडायची भीती. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टरच्या सल्ल्याने, लागेल तेवढंच. पण कंबर लाटेसारखी दुखत असेल, थांबते अन् पुन्हा येते, पाणी-रक्त जात असेल तर गोळी शोधत बसू नका, १०२ किंवा १०८ लावा, सातव्यात कळा सुरू झाल्या असू शकतात. साध्या शंका असतील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, तिथं सगळे पत्ते घेऊन जा. अन् बाळंत झाल्यावर अंग काही आठवड्यांत पूर्वीसारखं होते, तेव्हा वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर तोच जास्त होतो, कधी कमी करायचा ते आधीच विचारून ठेवा.

म्हाताऱ्यांचं मी घरीच भोगलं. आजी अठ्ठ्याहत्तरची, झोप लागत नव्हती, एका डॉक्टरने डायझेपाम लिहून दिली. पहिले दोन दिवस छान. चौथ्या दिवशी दुपारी ताटावर डुलून राहिली, आम्ही हसलो. सहाव्या दिवशी पहाटे न्हाणीत पडली, खुबा मोडला. मी तेव्हा डी.फार्म.ला म्हणजे औषधांच्या डिप्लोमाला होतो, नंतर वाचलं की या गोळीबाबत एक ढोबळ हिशोब आहे, जेवढं वय तेवढे तास ती निम्मी व्हायला लागतात. वीस वर्षांच्या पोराला वीस तास, आजीला अठ्ठ्याहत्तर, म्हणजे तीन दिवसांच्याही वर. ही गोळी चरबीत मुरते, म्हातारपणी अंगातलं पाणी-मांस कमी अन् चरबीचा वाटा जास्त, लिव्हरही मंद. आम्ही रोज रात्री कालच्यावर आजची रचत होतो.

किडनीही चाळिशीनंतर दरवर्षी थोडी थोडी उतरते. फसवणूक अशी की किडनीसाठी रक्तात तपासतात ते क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकते, कारण ते मांसातून तयार होते अन् बारक्या बुढीच्या अंगावर मांसच कुठं असते. म्हणून रिपोर्टात ईजीएफआर म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा बघा, त्यात वय धरलेलं असते. तो ३० च्या खाली असेल तर शुगरची मेटफॉर्मिन बंद करावी लागते. ग्लिबेनक्लामाइड म्हाताऱ्यांना त्रास देते, रात्री शुगर घसरते, बुढा घामाघूम होऊन बडबडून राहतो अन् घरचे म्हणतात वारं लागलं. शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी पाजा.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर डोळ्यात तेल घालून पाहा. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, सोबत लघवीची गोळी, वरून गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, अन् त्यातच हगवण लागली की किडनी दोन दिवसांत बसू शकते. लघवी कमी झाली, सुस्ती आली की त्याच दिवशी दवाखाना. सर्दीची सीपीएम गोळीही बुढ्याला नको, प्रोस्टेटची गाठ वाढलेली असेल तर लघवी तुंबते. अन् ती कागदाच्या पुडीतली रंगीबेरंगी गोळी, जिचं नाव कोणी सांगत नाही, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असते म्हणून इतकं लवकर बरं वाटते. नावाचा पत्ता दाखवत नसतील तर घेऊ नका.

दुकानात आलात की चार गोष्टी आपणहून सांगा: कोणासाठी अन् वय किती, लेकरू असेल तर वजन, बाई असेल तर दिवस राहिले का किंवा अंगावर पाजते का, अन् सध्या काय काय चालू आहे. नावं पाठ नसतात माहीत आहे, सगळे पत्ते एका पन्नीत घालून आणा, काही हरकत नाही. अन् घरी प्रत्येक पत्त्यावर मार्करने ज्याचं त्याचं नाव.

त्या पोट्ट्याच्या मायला मी तेच करून दिलं, आबाजीच्या पत्त्यावर मोठं 'आबाजी' लिहिलं. ताईची कंबर लाटेसारखी दुखते का विचारलं तर म्हणे नाही, कालपासून कापूस निवडत एकाच जागी बसून होती. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या दिल्या, उद्या नर्सबाईला दाखवा म्हटलं. जाता जाता म्हणते, "आबाजीले तरी रोजची ही चालते का भाऊ?" म्हटलं त्यांचा बीपीचा कागद अन् लघवीचा रिपोर्ट घेऊन या, मग बोलू.