तहदीग: पातेल्याच्या तळाचा खरपूस थर

इराणी घरात भात जमला की नाही, हे तळ बघून ठरतं. तहदीग म्हणजे तिथे मुद्दाम धरवलेला सोनेरी, कुरकुरीत थर. 'तह' म्हणजे तळ, 'दीग' म्हणजे आपली देग. १९७९ च्या क्रांतीनंतर बरीच इराणी कुटुंबं लॉस एंजेलिसला गेली. तिथे अनेक घरांत तळाच्या पातळ लवाश रोटीची जागा टॉर्टिया या मैद्याच्या मेक्सिकन रोटीने घेतली, तर भातावर पसरायच्या झरेश्क या आंबट सुक्या बेरीची क्रॅनबेरीने. घरी फारसी आणि शाळेत इंग्रजी बोलणारी मुलं असा भात खात वाढली. घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या बेळगावच्या पोरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

चौघांसाठी २ कप जुना बासमती घ्या. खानापूरकडचा नवा तांदूळ चवीला गोड, पण इथे चिकटून लगदा होतो. चार-पाच पाण्यांनी धुऊन, २ चमचे मीठ घालून तासभर भिजवा. ३ लिटर पाणी उकळून त्यात २ मोठे चमचे मीठ घाला, निथळलेला तांदूळ सोडा आणि ५ ते ७ मिनिटांत वेळून काढा. दाणा बाहेरून मऊ लागावा, आत कणी राहावी. कणीच गेली तर दमावर भात मोडणार. खारट वाटला तर वरून गार पाणी फिरवा.

पातेलं जाड बुडाचं, शक्यतो नॉनस्टिक हवं. त्यात ३ मोठे चमचे तेल आणि १ चमचा तूप तापवा. दीड कप भातात पाव कप घट्ट दही आणि कोमट पाण्यात भिजवलेलं चिमूटभर केशर कालवून तळाशी दडपून बसवा. तेलात हात आखडू नका. थर चिकटतो तो बहुतेक वेळा याच कंजूषपणामुळे. दही-भाताऐवजी पातळ चपातीही पसरता येते. जोंधळ्याची भाकरी मात्र नको, ती वाळून उलटताना तुटते.

उरलेला भात वर हलक्या हाताने डोंगरासारखा रचा. उलथन्याच्या दांड्याने पाच-सहा भोकं पाडा, पण तळाचा थर फोडू नका. पाव कप पाणी शिंपडा. झाकणाला सुती फडकं गुंडाळून टोकं वर बांधा. वाफेचं पाणी खाली ठिबकलं की थर मऊ पडतो. मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं ठेवा. वाफ धरली की खाली तवा सरकवून अगदी मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. तवा नसेल तर मधोमध करपतो आणि कडा पांढऱ्या राहतात. मध्ये ढवळायचं नाही.

झरेश्कऐवजी आमची पसंती आमसुलाला: ६ आमसुलं धुऊन, भिजवून बारीक चिरा आणि १ चमचा तूप, १ चमचा साखरेत अर्धा मिनिट परता. जास्त परतली तर कडू होतात.

पातेलं २ मिनिटं गार पाण्याच्या परातीत टेकवा, म्हणजे थर सुटतो. मग ताट लावून एका झटक्यात उलटा, वर आमसुलं पसरा आणि लगेच वाढा. झाकून ठेवलात तर कुरकुरीतपणा जातो.