बॅच नंबर एक्सेलने बिघडवू नये म्हणून

औषधं किंवा वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत महिनाअखेरीला स्टॉकची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीची साधी टेक्स्ट फाइल) डबल-क्लिक करून उघडली की बॅच नंबर बदलतात आणि व्हीलूकअप (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी नोंद शोधणारं एक्सेलचं सूत्र) जुळत नाही. ००४५१२ चं ४५१२ होतं, ते निदान दिसतं तरी. पण २४ई०५ सारखा बॅच नंबर एक्सेल थेट २४ लाख समजतं, कारण मधल्या इंग्रजी 'ई'चा अर्थ ते 'गुणिले दहाचा पाचवा घात' असा लावतं! एक्सपायरीच्या रकान्यातलं ०३/२७ म्हणजे मार्च २०२७. काही सेटिंगमध्ये त्याची चालू वर्षाची २७ मार्च होते आणि चांगला माल मुदत संपलेल्यात धरून तरतूद (मुदत संपलेल्या मालाच्या नुकसानीसाठी हिशेबात बाजूला ठेवलेली रक्कम) फुगते.

उपाय:

१. कोरी एक्सेल फाइल उघडा. 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घेऊन फाइल निवडा.
२. 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा.
३. मटेरियल कोड, बॅच नंबर आणि एक्सपायरी या रकान्यांचा प्रकार 'टेक्स्ट' करा. विचारलं तर 'रिप्लेस करंट' निवडा. इथेच बरेच जण चुकतात. फाइल घेताना एक्सेलने रकान्याचा प्रकार आधीच आपोआप ठरवलेला असतो, त्यामुळे नवी स्टेप जोडली तर आधी बिघडलेला आकडाच टेक्स्ट होतो.
४. 'क्लोज अँड लोड'.

पुढच्या महिन्यात नवी फाइल त्याच नावाने त्याच जागी ठेवून 'रिफ्रेश' केलं की झालं. व्हीलूकअप ज्या तक्त्यात शोधतं, त्यातला कोडही टेक्स्टच हवा, हे मात्र बघा.

सावधान: डबल-क्लिकने उघडलेली सीएसव्ही सेव्ह करू नका. गेलेली शून्यं नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाहीत, मूळ रिपोर्ट पुन्हा काढावा लागतो.