टीव्ही गेमच्या रिमोटचं एखादंच बटण लागत नाहीये? आधी कार्बन बघा

माळ्यावरचा नव्वदीतला टीव्ही गेम काढला, चालूही झाला, पण कॉन्ट्रात माणूस नुसत्या उड्या मारतोय आणि गोळी काही सुटत नाही, म्हणजे ए बटण ठीक आणि बी मेलंय. अशा वेळी लोक आधी वायर सोलायला घेतात, ते नका करू. हे सेट म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची कॉपी, त्यात सगळ्या बटणांची खबर एकाच डेटा वायरमधून एकामागोमाग जाते, त्यामुळे ती वायर तुटली तर सगळीच बटणं जातात. एकच बटण अडत असेल तर घोळ बहुतेक खालच्या रबरात.

मागचे स्क्रू काढून रिमोट पालथा ठेवूनच उघडा, नाहीतर बटणं घरंगळतात. वायर आत कशी वळवून बसवलीय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. रबराला खालून काळी गोळी दिसेल, तो कार्बन, बटण दाबलं की तो बोर्डावरच्या दोन पट्ट्या जोडतो. बटणं आणि वरचं कव्हर भांड्याच्या साबणाने धुवा. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कानातला बड फिरवा, गोळीवर मात्र हलक्या हाताने, घासाघाशी केलीत की उरलासुरला कार्बनही बडावर येतो. बोर्डावरच्या पट्ट्या काळ्या असतील तर त्यांनाही खोडरबर लावू नका, तोही कार्बनच आहे.

बऱ्याचदा इथेच काम होतं. नाही झालं तर मल्टीमीटर ओहमवर (रोध मोजायला) लावून त्याची दोन्ही टोकं गोळीवर जवळजवळ टेकवा, काहीशे ओहम आले तर गोळी चांगली, बरेच किलोओहम आले तर संपली. शेजारच्या चालू बटणाची गोळी मोजून बघितली की फरक लगेच कळतो.

आता काही जण ६बी पेन्सिल घासतात, ते चार दिवस चालतं. काही जण चॉकलेटची चांदी चिकटवतात, त्याने बटण मस्त लागतं पण चांदी बोर्डावरच्या पट्ट्या खरवडते आणि मग खरंच बोर्ड जातो, मला तो प्रकार अजिबात पटत नाही. त्यापेक्षा घरातला बंद पडलेला टीव्हीचा रिमोट फोडा, त्याच्या रबरालाही अशाच गोळ्या असतात. ब्लेडने एक पातळ कापून घ्या, मेलेली गोळी तेवढीच छाटून टाका आणि नवी तिथे बसवा. जाडी वाढली तर बटण कायम दाबलेलं राहील, एवढं सांभाळा. फेव्हिक्विक रबराला धरत नाही, ते रबर सिलिकॉनचं असतं, बाथरूमच्या फटी भरायचा सिलिकॉन सीलंट टूथपिकवर घेऊन अगदी टिकलीएवढा लावा आणि रात्रभर वाळू द्या, काळ्या तोंडावर तो येता कामा नये.

बंद करताना स्क्रू करकचून आवळू नका, बटणं जाम होतात. आधी दोनच लावा, गेम लावून गोळ्या झाडून बघा, मग बाकीचे.