कैरीचा व्हिस्की सावर

व्हिस्की सावरची मांडणी सोपी: व्हिस्की, लिंबू, साखर आणि वर अंड्याचा फेस. चैत्र-वैशाखात यातलं बरंचसं आंबट कैरीवर सोपवता येतं. सगळं नाही, कारण कैरी लिंबाइतकी तेज नसते. नुसत्या गरावर भागवलं तर घट्ट, मंद चवीचं पन्हं होतं आणि व्हिस्की वेगळी चढून लागते.

एका ग्लासाला व्हिस्की 60 मिली (म्हणजे आपला लार्ज पेग), कैरीचा गर 30 मिली, लिंबाचा रस 10 मिली, गुळाचा पाक 20 मिली, अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग आणि चिमूटभर काळं मीठ.

खरं काम गरात आहे. कैरी सालासकट, पाणी न घातलेल्या डब्यात ठेवून कुकरला दोन शिट्ट्या करा. थेट पाण्यात उकडली की आंबटपणा पाण्यात उतरतो. गर काढून थोड्या पाण्यासोबत मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. न गाळता वापरलात तर रेषा शेवटच्या गाळणीत अडकून बसतात.

पाकासाठी गूळ आणि पाणी समान वजनाने घ्या. गूळ विरघळला की गॅस बंद. तार येऊ दिलीत तर बर्फाला लागताच पाक भांड्याच्या तळाशी चिकटतो. गूळ फिक्या रंगाचा घ्या. काळपट गुळात कैरी हरवते. पाक गाळा, खडे निघतात.

व्हिस्की धुराच्या वासाची नको, कैरीशी तिचं जमत नाही. गोव्यात बनणारी पॉल जॉन ब्रिलियन्स चांगली, पण तिच्यात अल्कोहोल 46 टक्के आहे, 5 मिली कमी घातली तरी चालेल. देशी ब्लेंडेड व्हिस्की गोडसर वाटली तर पाक 15 मिलीवर आणा.

आता सगळं शेकरमध्ये (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) घालून आधी बर्फाशिवाय 15 सेकंद जोरात हलवा. फेस इथेच धरतो. झाकण घट्ट दाबून धरा, आत हवेचा दाब वाढतो. मग शेकर बर्फाने भरून आणखी 12 सेकंद. बर्फ मोठा आणि कोरडा हवा. पाणी सुटलेला चुरा घातला की पेय पांचट होतं. चहाच्या गाळणीतून गार ग्लासात ओता, गाळणी तुंबली तर चमच्याने खालून टिचक्या मारा.

अंडं ताजंच हवं, शिळं असेल तर हिवस वास नाकाला आधी लागतो. अंडं नको असेल तर बिनमिठाच्या शिजवलेल्या काबुली चण्यांचं दाट पाणी 25 मिली. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड चालते, पण दोन बोटांत येईल तेवढीच. वेलची मात्र नको, ती सगळ्यांवर कुरघोडी करते.

पाहुणे असतील तर गर, लिंबू, पाक आणि मीठ सकाळीच एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. व्हिस्की आणि अंडं ऐनवेळी, आणि एका वेळी दोनच ग्लास हलवा. शेकर गच्च भरला तर फेस येत नाही.